लाँच बंद होती

सिंगापूरमध्येही थंडी पडते, असं पुण्यात सांगितलं की माणसं हसतात. त्यांचं चुकत नाही. वर्षभर बत्तीस अंश, ऑफिसात एसीमुळे स्वेटर आणि बाहेर पडलं की पाच मिनिटांत मानेला घाम, असं आमचं इथलं आयुष्य. पण दोन हजार अठराच्या जानेवारीत चार-पाच दिवस अशी हवा पडली होती, की जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागत होते. पारा बाविसाच्या आसपास. कॉरिडॉरमधल्या शेजारच्या चिनी आजींनी पायात मोजे चढवले होते. खालच्या हॉकर सेंटरमध्ये उसाच्या रसाच्या गाळ्यापुढे कुत्रं फिरकत नव्हतं आणि सूपवाल्यापुढे ही रांग.

त्या थंडीच्या नावावर मी एक खोटं खपवलं. एखाद्या माणसाच्या नावावर खपवलं असतं, तर केव्हा ना केव्हा पकडले गेले असते. हवेला विचारायला कोण जातं?

मी तेव्हा गोदामांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि काळजी मी करायची. माझी आई याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची. प्रोजेक्टमध्ये काय काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, याची एक यादी मला ठेवावी लागे. तिला रिस्क रजिस्टर म्हणतात. डिसेंबर-जानेवारीच्या यादीत माझी एक ओळ ठरलेली असायची: हवामान. या दिवसांत पार सायबेरिया आणि चीनकडून थंड, जड हवा दक्षिणेला सुटते. समुद्रावरून येता येता ती ओली होते आणि आमच्या डोक्यावर येऊन दोन-तीन दिवस न थांबता गळत राहते. इथे त्याला मॉन्सून सर्ज म्हणतात. हवामान खातं पुढच्या पंधरवड्याचा अंदाज काढतं, त्यात ‘एखादा सर्ज संभवतो’ असं वाक्य आलं की मी कामाला लागायचे. माझ्याबरोबरचे लोक क्रिकेटचा स्कोअर बघायचे, मी हाँगकाँगचा वारा बघायचे. तिकडे वारा वाढला की दोन-तीन दिवसांत इकडे छत्री, हा हिशेब मला पाठ झाला होता.

आमच्या मराठी ग्रुपवरही मग माझी ख्याती झाली. पुलाउ उबीन बेटावर सायकलींनी जायचं ठरो की कुणाच्या काँडोत संक्रांतीचं हळदीकुंकू, पहिला प्रश्न मला असायचा. मी ‘रविवार नको’ म्हटलं की रविवार रद्द. कोणी उलट विचारत नसे. असा मान मिळाला की माणसाला वाटायला लागतं, पाऊस आपणच पाडतो.

नवरा माझा चीफ इंजिनिअर, धान्य आणि कोळसा वाहणाऱ्या जहाजावर. पाच-सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. त्याचं जहाज अधूनमधून इंधन भरायला सिंगापूरला यायचं. यायचं म्हणजे बंदराला लागायचं नाही. किनाऱ्यापासून लांब पाण्यात नांगर टाकून दहा-बारा तास उभं राहायचं आणि निघून जायचं. या दहा-बारा तासांवर इथल्या जहाजी बायकांचा संसार चालतो. एजंटकडून परवानगी काढायची, डबे भरायचे, धक्क्यावरून लाँचमध्ये बसायचं, जहाजाच्या अंगाला तिरकी टांगलेली शिडी चढायची, नवऱ्याबरोबर दोन घास खायचे आणि संध्याकाळच्या लाँचने परत. मी एकदाच गेले होते. शिडीच्या फटींतून खालचं पाणी दिसत होतं. वर पोहोचल्यावर नवऱ्याने विचारलं, कशी वाटली, तर मी म्हणाले, पुढच्या वेळी तूच खाली उतर.

त्या वर्षी डिसेंबर अखेरीला माझे सासरे आले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर अटेंडंट म्हणून नोकरी केलेला माणूस. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा नवरा ब्राझीलच्या वाटेवर होता, त्यामुळे तो पोचू शकला नव्हता. त्यानंतर बाप-लेकाची भेट कशीबशी एकदा, तीही धावती. अण्णांचं वय त्या वर्षी एकाहत्तर होतं आणि एवढी वर्षं त्यांची एकच मागणी होती: तुझं इंजिन मला एकदा बघायचं आहे. पोरगा काय पगार आणतो, फ्लॅट केवढा आहे, याचं त्यांना काही नव्हतं. आपण ज्या वाफेवर आयुष्य काढलं तिच्याहून दांडगं काहीतरी पोरगा चालवतो, ते डोळ्यांनी बघायचं होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जहाज सिंगापूरला येणार असं कळल्यावर नवऱ्यानेच त्यांचं तिकीट काढलं होतं. जहाज गुरुवारी येणार होतं, अण्णांचं परतीचं विमान शनिवारी.

त्यांनी येताना लोकरीचा स्वेटर, मफलर आणि कानटोपी आणली होती. विमानतळावर मी ते बघून हसले. अण्णा, हे सिंगापूर आहे, इथे बारा महिने उन्हाळा. बॅगेत तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले कारखान्यातले जाड बूटही होते. यंत्राजवळ चपलेवर जात नाहीत, एवढंच ते म्हणाले.

माझ्या घरात त्यांनी आठ दिवसांत एक गोष्ट केली, जी मला आधी नकोशी वाटली आणि मग आवडायला लागली. ते सगळ्या वस्तूंचा आवाज ऐकायचे. लिफ्टमध्ये शिरले की डोकं तिरकं. फ्रिजजवळ उभे राहून म्हणायचे, ह्याचा कॉम्प्रेसर दमलाय. कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे, ते नुसतं ऐकून सांगायचे, बंद कर आता. माझी नऊ वर्षांची लेक त्यांच्या मागेमागे हिंडायची आणि तिच्या शाळेतल्या भाषेत त्यांना दुरुस्त करायची. ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दोघांचं बिनबोभाट चाललेलं असे.

मग पाऊस सुरू झाला. शनिवारी दुपारी एकदम वारा फिरला आणि रविवारी सकाळी खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसेना. तसला धो धो नव्हे, इथल्या नेहमीच्या गडगडाटी सरीसारखा तर मुळीच नव्हे. एकसुरी, थंड, न संपणारा. लेक हुडी घालून सोफ्यावर मुटकुळं करून बसली. अण्णा आतून कानटोपी घालून बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि चहाला बसले. लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, “आजोबा वॉज राइट, लाह.” पुणेकराला चूक कबूल करणं जड जातं, म्हणून मी त्यांच्या चहात आलं जास्त घातलं.

ही थंडी येते कुठून, असं त्यांनी विचारलं. मी लॅपटॉपवर हवेच्या दाबाचा नकाशा काढून दिला. मला वाटलं होतं, समजवायला अर्धा तास जाईल. त्यांनी चष्मा वर सरकवला, सायबेरियावरच्या त्या गोल गोल रेषांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “दाब हितं हाय म्हंजे वाफ हिकडंच येनार की. मधी झडप कुठं हाय?” मी म्हटलं, अण्णा, मध्ये झडप नाही, सगळा समुद्र आहे. ते म्हणाले, मग अवघड आहे बाबा तुमचं. पुढे त्यांनी सांगितलं की थंडी चांगली पडली की उसात साखर भरते, कारखान्याचा उतारा वाढतो, हंगामात ते रोज पहाटे अंगणात येऊन आधी गारठा बघत आणि मग कामावर जात. त्या दिवसापासून आमचं रोजचं ठरून गेलं. सकाळी मी ऑफिसला निघण्यापूर्वी आम्ही दोघं नकाशा बघायचो. दाब वाढला का, वारा किती, पाऊस कधी ओसरेल. माझ्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती आणि सासऱ्यांशी इतकं सलग बोलणं मी कधी केलं नव्हतं.

नवऱ्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. कॅप्टनची परवानगी, एजंटकडे अण्णांच्या आणि माझ्या पासपोर्टची प्रत, गुरुवारी सकाळी अकराची लाँच. अण्णांना एकट्याने पाठवायचं नव्हतं, मी बरोबर जायचं होतं. मी रजा टाकली होती. बुधवारी सकाळी अण्णांनी बूट पुसून कॉरिडॉरमध्ये ठेवले आणि शेवचिवडा, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो गूळ अशी पिशवी भरून दाराशी लावली.

आणि बुधवारीच दुपारी आमचं गो-लाइव्ह शुक्रवारवरून गुरुवारवर आलं. गो-लाइव्ह म्हणजे नवी प्रणाली ग्राहकाकडे खरोखर चालू करण्याचा दिवस. सात महिने मी त्याच्यामागे होते. मी घाबरतच मॅनेजरकडे गेले आणि माझी रजा आहे असं सांगितलं. तो इथलाच, शांत माणूस. तो म्हणाला, फॅमिली आहे ना, जा तू, टीम करेल, नो नीड टु वरी. मी त्याच्या केबिनमधून बाहेर आले आणि मला बरं वाटायच्या ऐवजी राग आला. माझ्याशिवाय पान हलत नाही, या समजुतीवर मी सात महिने काढले होते, आणि हा म्हणतो टीम करेल. मी परत आत गेले आणि सांगितलं की रजेची गरज नाही, घरचा कार्यक्रम तसाही पावसामुळे रद्द होणार आहे.

हे वाक्य मी आधी बोलले आणि मग खरं करायच्या मागे लागले. इथे मला स्वतःला सूट द्यायची नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. शिडीची भीती मला होती, ती मी अण्णांच्या नावावर टाकली: एकाहत्तर वर्षांचा माणूस, ओली शिडी, पाय घसरला तर जबाबदार कोण? प्रत्येक संकटापुढे उपाय लिहायची सवय असलेल्या बाईने या एका संकटापुढे उपाय लिहिला: जायचंच नाही.

संध्याकाळी ऑफिसमधूनच मी एजंटच्या माणसाला फोन केला. मला मनातून हवं होतं की त्याने लाँच बंद आहेत असं सांगावं. तो म्हणाला, लाँच चालू आहेत, पश्चिमेकडे जहाजं नांगर टाकतात तिथे वारा लागत नाही, आडोसा आहे, पाणी सपाट आहे, रेनकोट तेवढा आणा. मलाही हे ठाऊक होतं. अंदाजातला तो पंचवीस नॉटचा वारा खुल्या दक्षिण चीन समुद्रावरचा होता, आमच्या दारातला नव्हता. मी त्याला सांगितलं की आमची दोन नावं काढून टाका. त्याने विचारलं, म्हाताऱ्यांची तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, तसंच समजा.

घरी आले तेव्हा अण्णा बाल्कनीतून पाऊस बघत होते. मी चप्पल काढता काढता सांगितलं, “अण्णा, उद्याची लाँच बंद आहे. वारा फार आहे समुद्रावर. सगळ्याच बंद केल्यात.” त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. सकाळी नकाशात काय दिसलं होतं ते त्यांनाही आठवत असणार. दाब उतरायला लागलाय असं आम्ही दोघांनीच ठरवलं होतं. पण नकाशा वाचायला मीच शिकवला होता ना. शिकवणाऱ्यापुढे कोण बोलतं? ते म्हणाले, “बंद म्हंजे बंद. पान्याफुडं कुनाचं चालतंय?” आणि आत जाऊन त्यांनी पिशवीतला गूळ काढून डब्यात ठेवला, मुंग्या लागतील म्हणून.

नवऱ्याला मी निरोप टाकला की हवा वाईट आहे, उद्या जमत नाही, संध्याकाळी बोलते. जहाज अजून वाटेवर होतं, त्याला तो गुरुवारी किनारा जवळ आल्यावर मिळणार होता.

गुरुवारी मी ऑफिसच्या खिडकीशी बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाऊस हवा होता. जोरात यावा, विजा कडाडाव्यात, लाँच खरंच बंद व्हाव्यात, म्हणजे मी खोटी ठरणार नाही. पण अकराच्या सुमाराला पाऊस पिंजल्यासारखा विरळ झाला आणि बाराला थांबलाच. आभाळ पांढरं, झाडं स्तब्ध. मी चरफडत होते. गो-लाइव्हचं म्हणाल तर आमच्या टीममधल्या एका मुलीने सहा आज्ञा टाइप केल्या, चाळीस मिनिटं वाट बघितली आणि सगळं चालू झालं. मी त्या दिवशी तीन कप कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायले आणि एकदा टाळ्या वाजवल्या. याव्यतिरिक्त मी काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

नवऱ्याचा फोन दुपारी येऊन गेला होता, मी मीटिंगमध्ये होते म्हणून घेतला नाही. मीटिंगमध्ये होते हे खरं, पण घेता आला असता. चोराच्या मनात चांदणं. जहाजाच्या डेकवर उभा राहून तो लाँचा येता-जाताना बघत असणार, त्याला काय सांगायचं ते माझं ठरलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना एमआरटीत मी मनाशी तीन वेगवेगळी उत्तरं तयार केली. स्टेशनवर उतरले तेव्हा त्याचा निरोप आला: ‘अण्णांशी बोललो. कळलं सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस. निघतोय.’

मी तो निरोप दोनदा वाचला. लाँच बंद हे त्याला कसं पटलं, हे मला कळेना. पण मी पडत्या फळाची आज्ञा समजून गप्प राहिले. घरी अण्णा लेकीला पत्त्यांचा मेंढीकोट शिकवत होते. नवऱ्याचा फोन आला होता का, असं मी उगाचच विचारलं. ते पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, आला होता, बोललो मी त्याच्याशी, तू काळजी करू नको.

शुक्रवारी सकाळी मी सवयीने लॅपटॉप उघडून बसले. पाऊस ओसरला होता, नकाशावरचा तो गोलही विरला होता. अण्णा बाहेर आले, चहा प्यायले आणि पेपर उघडून बसले. नकाशा बघायला ते आले नाहीत. मी हाक मारली नाही. मला वाटलं, आता जायचंच नाही तर हवा कशाला बघतील. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं, कारण त्यांच्या शेजारी बसून पुन्हा दाब आणि वारा बोलायची माझी छाती नव्हती. शनिवारी विमानतळावर त्यांनी लेकीच्या हातात शंभराची भारतीय नोट ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

नंतर बाप-लेकाच्या भेटी झाल्या. नाही असं नाही. नवरा सुट्टीत गावी जाऊन आला. पण त्याचं जहाज पुन्हा सिंगापूरला यावं, अण्णाही तेव्हाच इथे असावेत, असा योग आला नाही. मी पुढच्या डिसेंबरात म्हटलं, या अण्णा, ह्या वेळी नक्की. ते म्हणाले, गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आला नाही. निदान तेव्हा नवरा सुट्टीवर होता. आम्ही तिघंही गेलो.

तेराव्याला अंगणात मांडव होता. जेवणं झाल्यावर गावची माणसं पांगली आणि कारखान्यातले पाच-सहा जुने सोबती तेवढे मागे राहिले. सगळे सत्तरी ओलांडलेले, सगळे मोठ्याने बोलणारे; बॉयलरजवळ आयुष्य गेल्याने कानाने कमी. मी त्यांना चहा देत होते. अण्णांच्या गोष्टी निघाल्या. कोणता हंगाम, कोणती पाळी, कोणत्या साहेबाला अण्णांनी कसं ऐकवलं. हसत हसत, डोळे पुसत चाललं होतं. मग नवरा म्हणाला, “सगळं खरं, पण आमचे अण्णा शेवटी माझ्या जहाजाच्या शिडीला भ्यायले.”

माझ्या हातात ट्रे होता. तो पुढे सांगत गेला. सिंगापूरला बोलावलं होतं. सगळी व्यवस्था केली होती. हिने रजासुद्धा काढली होती. आणि ऐन वेळी नको म्हणाले. मी दुपारी फोन केला, म्हटलं अण्णा, माझ्या डोळ्यांसमोर लाँचा चालू आहेत, तुम्ही का नाही आलात? तर क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, अरे मीच न्हाई म्हनालो, शिडीची भीती वाटली, पोरीनं लई समजावलं, तिला काही बोलू नको. घरात हा विषयसुद्धा काढू नको, सुनेपुढं लाज वाटती. “आणि मी काय करावं?” नवऱ्याचा आवाज चिरकला. “मी त्यांना बोललो. म्हटलं, एवढ्या लांब येऊन कच खाल्लीत, मी सकाळपासून बॉयलर सूट घालून उभा आहे इथं. फोनच ठेवून दिला मी.”

त्या एका क्षणाच्या गप्प बसण्यात अण्णांना सगळं कळलं असणार. लाँच बंद नव्हती. सून खोटं बोलली. आणि पुढच्या वाक्यात त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

सोबत्यांतला एक, अण्णांबरोबर एकाच पाळीला वीस वर्षं असलेला, कान पुढे करून ऐकत होता. त्याने मान हलवली. “भ्याला? ह्यो? अवो, चिमनीवर चढलाय ह्यो भर वाऱ्यात, दोरी न बांधता. आमी खाली उभं राहून देवाचं नाव घेत हुतो. शिडीला भ्यायचा न्हाई ह्यो. काय तरी दुसरं असनार.” बाकीचेही बोलायला लागले. शक्य नाही, अण्णा नव्हे, दुसरं काहीतरी कारण असेल. नवरा वैतागून म्हणाला, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला. मग त्याने माझ्याकडे हात केला. “हिला विचारा. ही होती तिथं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक जवळच पायरीवर बसली होती, तीही बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. त्या माणसांना, त्या अंगणात, त्यांचा अण्णा परत मिळाला असता.

मी म्हणाले, “हो. घाबरले होते ते. मी खूप समजावलं.”

त्या सोबत्याने कप खाली ठेवला, धोतर सावरलं आणि उठता उठता म्हणाला, “असंल मग. म्हातारपनी मानूस बदलतो.”